लाल विटांचं कॉलेज

५ जुलै, शनिवार

लागला एकदाचा निकाल! आमच्या मैत्रेयीचे मार्क बरे आहेत. बरे म्हणजे छान नाहीत, वाईट नाहीत, मधेच कुठेतरी लोंबकळणारे. माझा नवरा विनायक म्हणाला, "चलो, सुटलो." सुटलो? अजून सुरुवात तरी झालीय का? आता दिल्ली युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर पसंती भरायची. कॉलेज आणि विषय, एकाखाली एक, क्रमाने. जे वर लिहाल ते आधी बघतात. मिळालं तर मिळालं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. कॉलेजच्या भिंतीवर कागद चिकटवायचे, जा आणि बघा.

पोर्टलवर मोबाइल नंबर माझा दिलाय, त्यामुळे ओटीपी माझ्याच फोनवर येतो. बरंच झालं. नाहीतर ही मुलगी परस्पर काहीतरी करून मोकळी होईल.

तिला स्टॅटिस्टिक्स करायचंय. कर ना बाई! पण कुठे? तर म्हणे यमुनेच्या अलीकडे, आपल्याच बाजूला ते नवं कॉलेज आहे तिथे. का? तर तिथे लॅब चांगली आहे आणि शिकवणारी एक मॅडम चांगली आहे. यूट्यूबवर बघितलं! मी म्हटलं, अगं, कॉलेज म्हणजे कॅम्पस. नॉर्थ कॅम्पस! ती लाल विटांची इमारत, त्या कमानी, ती हिरवळ. मला सतराव्या वर्षी तिथेच जायचं होतं. बाबा नको म्हणाले. विषय संपला. मग टायपिंग, मग स्टाफ सिलेक्शनची परीक्षा, मग नोकरी, आणि नोकरी करता करता पत्राचारातून, म्हणजे टपालाने घरबसल्या, बी.ए. आमच्या घरातल्या भिंतींनाही ही गोष्ट पाठ आहे.

कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही. दृष्ट लागते.

बाबा पलंगावर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. आईच्या माघारी आमच्याकडेच असतात. मी हे सगळं बोलत होते तरी काही म्हणाले नाहीत. या विषयावर ते कधीच काही म्हणत नाहीत.


६ जुलै, रविवार

कपाळ माझं!

सकाळी लवकर उठून पोळ्यांचे रोल केले, दोघांना उठवून तयार केलं, मयूर विहारहून मेट्रो, राजीव चौकाला बदलून विश्वविद्यालय स्टेशन. बाहेर पडलो तर सगळं सामसूम. ई-रिक्षावाला म्हणाला, "आज तो संडे है मॅडम, सब बंद." रविवार! सत्तावीस वर्षं सरकारी नोकरी करणाऱ्या बाईला हे कळू नये?

पण कळणार कसं? माझा कॅम्पस म्हणजे रविवारच. पत्राचाराची लेक्चरं रविवारी असायची, परीक्षेचं सेंटरही त्यातल्याच कुठल्यातरी कॉलेजात पडायचं. दर वेळी गेट उघडं असायचं. मी जायचे, पेपर लिहायचे, बस पकडायचे. डोक्यात तेच घट्ट बसलंय. विद्यार्थी असतात तो वार मी तिथे कधी बघितलाच नाही.

हे दोघांना सांगितलं तर विनायक हसला. मैत्रेयी हसली नाही, तिने कानात ते गाणी ऐकायचे पांढरे बोळे घातले. गेटच्या गजांमधून लाल विटांचा एक तुकडा दिसला. एवढाच.

रोल मेट्रोत खाता येत नाहीत म्हणून परत आणले. संध्याकाळी तेच खाल्ले.


७ जुलै, सोमवार

वरच्या मजल्यावरच्या सुरेखाताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "काय गं, कॅम्पस बघून आलात म्हणे?" या बाईला कोण सांगतं सगळं!


९ जुलै, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सेक्शनमधे फायलींचा ढीग पडलाय, बॉसने तोंड वाकडं केलं, तरी टाकली. मैत्रेयीला घेऊन पुन्हा गेले. आज माणसं होती, झेंडे होते, पोस्टरं होती, आईबाप होते. माझ्यासारखे शेकडो आईबाप, हातात फायली आणि पाण्याच्या बाटल्या. ऊन असं की डांबर चपलेला चिकटेल.

म्हटलं, आधी तिला व्हाइसरॉयचा बंगला दाखवावा. पांढरा शुभ्र, खांबांची ओळ, पुढे एवढी मोठी बाग. नवी दिल्ली बांधून होईपर्यंत व्हाइसरॉय इथे राहायचा, आता व्हाइस चान्सलरचं ऑफिस आहे. मी सगळं वाचून गेले होते. तळघरातल्या कोठडीत भगतसिंगांना ठेवलं होतं म्हणतात, तेही सांगितलं. मैत्रेयी म्हणाली, "अच्छा. म्हणजे आता गव्हर्मेंट ऑफिसच ना. तुझ्यासारखं." आणि फोन बघायला लागली!

गेटवरचा गार्ड सभ्य होता. म्हणाला, अपॉइंटमेंट असेल तरच आत. मी म्हटलं, फक्त बघायचंय. तो म्हणाला, "तो यहीं से देख लीजिए मॅडम, दिख तो रहा है." दिसत होतंच म्हणा. मग झाडाखाली उभं राहून बघितलं. मी बघितलं. ती घाम पुसत होती.

तिथून लाल विटांच्या कॉलेजकडे. रस्त्यात रिजच्या टेकडीवरच्या जंगलातून उतरलेल्या माकडाने माझ्या हातातली पिशवी ओढली, त्यात बिसलेरी आणि मैत्रेयीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स. झेरॉक्स टाकल्या, बिसलेरी घेऊन गेलं. मैत्रेयीला तेवढ्यानेच काय ती गंमत वाटली.

कॉलेजच्या गेटवरच्या गार्डने विचारलं, "ॲडमिशन हो गया?" "नाही अजून." "तो होने के बाद आइए." झालं! बाहेरच्या कुंपणाशी उभं राहून मी तिला म्हटलं, "त्या कमानी बघ, किती सुंदर आहेत." तर ती म्हणते, "कमान म्हणजे? धनुष्य?"

काय बोलायचं. दिल्लीत मुलं वाढवली की असं होतं. मी हवेत हात फिरवून दाखवलं. ती म्हणाली, "ओह, आर्चेस! हो, छान आहेत. आता जाऊ या?"

छान आहेत! बस, एवढंच. मी त्या कमानींसाठी सतराव्या वर्षी दोन दिवस जेवले नव्हते.


१० जुलै, गुरुवार

पाय सुजलेत. विनायक म्हणतो, एकदा मुलीला नीट विचार तिला काय हवंय. विचारलं की! तिचं उत्तर चुकीचं आहे.


१२ जुलै, शनिवार

आज पसंतीक्रमावरून घरात रणकंदन.

सकाळी सुरेखाताई वरून खाली आल्या, साबुदाण्याची खिचडी घेऊन. त्यांचा प्रतीक गेल्या वर्षी त्याच कॉलेजात लागला. म्हणाल्या, "मीनाक्षी, तिथे सब्जेक्ट कोण बघतं? नाव बघतात! आमच्या प्रतीकने संस्कृत घेतलं. घरी रामरक्षा म्हणत नव्हता मेला. पण आता बघ, कसा रुबाबात फिरतो! नोकरीच्या मुलाखतीला नुसतं कॉलेजचं नाव सांगितलं की पुढचे सरसावून बसतात."

मला पटलं. पटणारच. मी मैत्रेयीला म्हटलं, आपण वर लाल विटांच्या कॉलेजातलं स्टॅटिस्टिक्स टाकू, ते काही तुला या मार्कांत मिळणार नाही. मग त्याच कॉलेजातलं तत्त्वज्ञान. त्याची यादी कमी मार्कांपर्यंत खाली येते. आणि मग तुझं ते नवं कॉलेज.

तिने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "फिलॉसॉफी? आई, मी आयुष्यात फिलॉसॉफीचं एक पान वाचलेलं नाही."

"वाचशील. वय काय तुझं!"

"मला नंबर आवडतात यार!"

यार! मला! मी सुरू झाले, मग ती सुरू झाली, मग कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी विनायकने मधे पडून ऑफिसात फाइल फिरवतात तसं केलं. माझंही ऐकलं, तिचंही ऐकलं, आणि यादी होती तशीच परत आली. यादीत तत्त्वज्ञान दुसरं राहिलं, नवं कॉलेज तिसरं. मैत्रेयी म्हणाली, "ठीक आहे, नाहीतरी ते मिळणार नाहीच." आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बाबांनी खिचडी मागून घेतली. म्हणाले, "शेंगदाणे छान भाजलेत." घरात आग लागलीय आणि यांना शेंगदाणे!


१४ जुलै, सोमवार

यादी लॉक केली. ओटीपी आला, मीच टाकला. आता वाट बघणं.


१७ जुलै, गुरुवार

आज जे झालं त्याने अजून डोकं ठणकतंय.

दोन दिवस बाबांनी लकडा लावला होता. "मीनू, मलाही ने एकदा. कॅम्पस बघतो." ब्याऐंशी वर्षांचे, हातात काठी, डोळ्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झालेला. कशाला हवंय कॅम्पस? मनात आलं, तेव्हा मला पाठवलं असतं तर दर वर्षी नेलं असतं. तोंडावर नाही बोलले. पण नाही म्हणायलाही जमलं नाही. पुन्हा अर्धी रजा, पुन्हा बॉसचं तोंड. या वेळी टॅक्सी केली.

गाडीत बसल्यापासून बाबा खुश. आयटीओ आलं, राजघाट आलं, काश्मिरी गेट आलं. प्रत्येक ठिकाणी त्यांची बस कुठे थांबायची ते सांगत होते. आम्ही तेव्हा पहाडगंजला राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. माझी मराठी शाळा चालत दहा मिनिटं, बाबांचं ऑफिस बसने अर्धा तास. मी खिडकीबाहेर बघत होते. ऐकून घेण्याची माझी ताकद संपली होती.

कॉलेजपाशी आलो तर म्हणाले, "पुढच्या गेटला नको. मागून घे. तिथे सायकल स्टँड होतं, तिथला माणूस सोडतो." तीस वर्षांपूर्वीचा माणूस अजून बसून राहिलाय का! पण ड्रायव्हर त्यांचंच ऐकून मागे गेला. सायकल स्टँड नव्हतं. छोटं गेट मात्र होतं. बाबा उतरले, काठी टेकत गार्डसमोर गेले आणि त्यांच्या त्या पहाडगंजी हिंदीत म्हणाले, "बेटा, तीस साल पहले आता था. बस पाँच मिनट."

आणि त्याने सोडलं! मी दोन वेळा हात जोडले तर नाही, आणि यांना सोडलं! गार्ड सोबत आला, वर खुर्ची हवी का विचारलं.

मी आत गेले. आठवड्याच्या दिवशी, भर दुपारी, मुलं इकडून तिकडे जात असताना. व्हरांडा लांबच लांब, जमीन लाल, गुळगुळीत. कमानींतून ऊन आत येत होतं. एका वर्गाचं दार उघडं होतं, फळ्यावर कोणीतरी अर्धवट पुसलेलं. मी भिंतीला हात लावला. वीट तापलेली होती. डोळ्यांत पाणी आलं, लाज वाटली, गॉगल लावला.

बाबा तोवर पुढे. सरळ एका भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिथे आता आग विझवायचा लाल सिलिंडर लटकवलाय. म्हणाले, "इथे लावायचे याद्या. खालच्या ओळी वाचायला वाकावं लागायचं, आणि मागून पोरं ढकलायची. एकदा माझा चष्मा पडला होता बघ इथे." मी म्हटलं, "बाबा, चला. गाडी थांबलीय." म्हणाले, "थांब गं." आणि काठीने भिंतीवर दाखवत राहिले. पहिली यादी इथे, दुसरी तिथे, तिसरी त्या दाराजवळ.

मला इतका राग आला! का आला सांगता येत नाही. गार्डने मला विचारलं, "आप यहीं से पढ़ी हैं मॅडम?" आणि माझ्या तोंडून गेलं, "नहीं भैया. इन्होंने ही मना किया था."

गार्ड म्हणाला, "अरे बाबूजी! बिटिया को नहीं पढ़ाया?"

बाबा हसले. म्हणाले, "गलती हो गई, भैया."

परत येताना काश्मिरी गेटपाशी ते म्हणाले, "इमारत चांगलीच आहे, मीनू. पण आत काय, बाकंच की." मी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितलं.


१९ जुलै, शनिवार

पहिली यादी संध्याकाळी आली. मैत्रेयीला तिसरी पसंती मिळाली. नवं कॉलेज, स्टॅटिस्टिक्स.

ती पलंगावर उड्या मारत होती, विनायकला मिठी, आजोबांना मिठी. मला मिठी मारायला आली आणि मधेच थांबली. मी अभिनंदन म्हटलं. तोंडाने म्हटलं.

सीट स्वीकारायची ती स्वीकारली. पण गोष्ट इथे संपत नाही! आता दोन बटणं आहेत. फ्रीझ दाबलं की हीच सीट कायम, खेळ खलास. अपग्रेड दाबलं की दुसऱ्या फेरीत वरच्या पसंतीचा विचार होतो. वरचं मिळालं तर खालची सीट आपोआप जाते, परत मागता येत नाही. शुक्रवारी दुपारी चार एकोणसाठपर्यंत मुदत. हे चार एकोणसाठ कोणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे. सरळ पाच म्हणायला काय होतं?

सुरेखाताईंचा फोन. "अगं, तत्त्वज्ञानाच्या सीटा दुसऱ्या फेरीत सुटतातच! प्रतीकचंही असंच झालं. डोळे मिटून अपग्रेड मार."

मैत्रेयी म्हणाली, "आई, ओटीपी दे, फ्रीझ करते."

मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत वेळ आहे. घाई कशाला?


२२ जुलै, मंगळवार

मैत्रेयीने आज मला त्या नव्या कॉलेजात नेलं. हट्टच धरला. "तू मला तुझं दाखवलंस ना, आता माझं बघ."

काय बघू? चार मजली चौकोनी इमारत, वर पाण्याच्या काळ्या टाक्या. तहसील कचेरी म्हणून कोणी पाटी लावली तर कोणाला शंका येणार नाही. आत ट्यूबलाइट, कूलरचा घरघराट, जिन्यात सायकल बांधलेली. फोटो काढावा असं एक ठिकाण नाही! मी तोंड बंद ठेवलं, पण मैत्रेयी म्हणाली, "तू तोंड बंद ठेवलंस तरी ऐकू येतं, आई."

दुसऱ्या मजल्यावर त्या मॅडम भेटल्या. साधी सुती साडी, हाताला खडू लागलेला. मैत्रेयीला म्हणाल्या, मेट्रोने फिरतेस ना? मग सांग, राजीव चौकाला गाडी बदलायला सरासरी किती वेळ लागतो? मैत्रेयी म्हणाली, सरासरी सांगून उपयोग नाही, सकाळची आणि दुपारची वेगळी काढायला हवी. झालं! मॅडमनी खडू तिच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं दोघी फळ्यासमोर. मी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन.

ही मुलगी घरी "हं" आणि "ओके" याच्या पलीकडे बोलत नाही! तिथे हात हलवून हलवून बोलत होती, चुकली तर हसत होती, पुसून पुन्हा लिहीत होती. मला एक अक्षर कळलं नाही. पण तिच्याकडेच बघत बसले. आणि वैतागले. कारण मला ते आवडत होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "काय, कसं वाटलं?"

मी म्हटलं, "झाडं नाहीत फारशी."

काय हे माझं बोलणं! तिचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ते पांढरे बोळे कानात.


२३ जुलै, बुधवार

ओटीपी दिला नाही. तिने चार वेळा मागितला. ठरलं माझं. शुक्रवारी ऑफिसातून मीच अपग्रेड दाबणार. पुढे माझेच पाय धरेल.


२४ जुलै, गुरुवार

संध्याकाळी चहाच्या वेळी फुटलंच.

मैत्रेयी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हात पुढे. "फोन." मी म्हटलं, उद्या बघू. ती म्हणाली, उद्या शेवटचा दिवस आहे, आज दे. मी म्हटलं, मी तुझी आई आहे, वैरीण नाही. मला जे मिळालं नाही ते तुला मिळावं म्हणून जिवाचं रान करतेय. तीन वेळा रजा टाकली, उन्हात पाय सुजवले. कोणासाठी?

"तुझ्यासाठी!" ती ओरडली. "तुझ्यासाठी, आई! मला नको आहेत त्या आर्चेस! आजोबांनी तुझं जे केलं तेच तू माझं करतेयस. फरक काय? ते नको म्हणाले आणि तू हो म्हणतेस. ऐकलं दोघांनीही नाही!"

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

बाबांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. म्हणाले, "तिचं खरं आहे, मीनू. माझी चूकच झाली. तुला मी जाऊ द्यायला हवं होतं. आता तू तरी तिला अडवू नकोस."

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण मैत्रेयी त्यांच्याकडे वळली होती. तिला मी असं बोलताना कधी ऐकलं नाही. "आता म्हणून काय उपयोग, आजोबा? तेव्हा म्हणायचं ना! तेव्हा आईला जाऊ दिलं असतंत तर आज हे सगळं झालंच नसतं. सगळं तुमच्यामुळे!"

"हो, बाळा," बाबा म्हणाले. "माझ्यामुळेच."

त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात, रोज संध्याकाळी मैत्रेयीच घालते. गाणं म्हणत घालते, त्यांना डोळा मिटू देत नाही. आज ती खोलीतून आलीच नाही. बाबा बाटली हातात घेऊन बराच वेळ बसले. मग स्वतःच मान मागे टाकून प्रयत्न केला. थेंब गालावर गेला. दुसराही गालावर.

मी उठून घातले. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "उद्या किती वाजेपर्यंत आहे म्हणालीस?"

"चार एकोणसाठ."

"मग आहे की वेळ," म्हणाले.


२५ जुलै, शुक्रवार

सकाळी अकरा वाजता ऑफिसातून मैत्रेयीला फोन करून ओटीपी सांगितला. फ्रीझ झालं.

संध्याकाळी तिला आजोबांसमोर बसवलं आणि खरं सांगितलं. बाबा "असू दे गं, असू दे गं" करत होते, तरी सांगितलं. तीस वर्षं सांगून सांगून मलाच दुसरं खरं वाटायला लागलं होतं. या वहीतही तेच लिहीत आले, म्हणून आता इथेही लिहिते.

बाबा मला कधीच नको म्हणाले नव्हते. तीन याद्या लागल्या. तिन्ही वेळा ते रजा काढून बघायला गेले, मी घरी बसून होते. माझं नाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "मीनू, कोणी विचारलं तर सांग, बाबांनी नको म्हटलं."